गाईची जीभ आणि डांसाची सोंड

आमचे उपदेशक बंधु कापणीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेंत सृष्टीचे दाखले देतात, हें योग्यच आहे. शेतकऱ्यांच्या मंडळीपुढें गाईच्या जिभेहून सोपा दाखला कोणता? गाईस वरच्या जबड्यांत पुढचे दांत नाहींत. त्यांच्या जागीं केवळ कठीण हिरडी आहे. म्हणून ती आपल्या लांब, खरखरीत जिभेनें गवताचा झुबका वेढून घेते, खालचे दांत व ती हिरडी यांमध्यें धरिते आणि मानेच्या हिसक्यानें तोडते. शेळीस जिभेपेक्षां ओठांचा उपयोग अधिक. ते इतके चपळ कीं बाभळीच्या कांट्यांमधून ती नेमका पाला टिपते. सुतारपक्ष्याच्या जिभेस आधार देणारीं हाडें कवटीच्या मागून फिरून डोक्यावर आलेलीं असतात, म्हणूनच खोडाच्या खोल भोंकांतली अळी त्यास बाहेर काढितां येते. फुलपांखरूं कोशांतून बाहेर येतें तेव्हां त्याच्या सोंडेचे दोन भाग निराळे असतात; मग ते जुळून त्यांची एक नळी होते.

येथपर्यंत सर्व गोड आहे. आतां डांसाचें तोंड पाहा. मादीच्या सोंडेंत, एका आवरणाच्या खोबणींत, सहा बारीक सुया असतात. त्यांपैकीं दोहोंस करवतीसारखे दांते आहेत; एकीतून ती लाळ आंत सोडते, म्हणजे रक्त गोठत नाहीं; आणि एकीतून रक्त ओढून घेते. नर रक्त पीत नाहीं, फुलांच्या रसावर जगतो. मादीस रक्त हवें तें अंड्यांकरितां. कारागिरी पाहूं जातां ही सुतारपक्ष्याच्या जिभेहून यत्किंचितही कमी नाहीं. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेंत रोनाल्ड रॉस यास डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले, तेव्हां ह्या सोंडेचें दुसरें काम जगास कळून आलें.

जिचें मूल हिंवतापानें गेलें अशा एका भगिनीनें उपासनेनंतर मला विचारलें, "पाळकसाहेब, गाईची जीभ देवानें केली, तर डांसाची सोंड कोणी केली?"

ह्यास आमच्यांत दोन उत्तरें सर्रास दिलीं जातात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत पशूंस हिरवें अन्न दिलें आहे. त्यावरून कित्येक म्हणतात कीं, तीक्ष्ण तोंडें आदामाच्या पतनानंतर आलीं. परंतु मनुष्याच्या कोट्यवधि वर्षें आधींच्या मांसाहारी प्राण्यांचे दांत खडकांत सांपडतात. शास्त्रही ह्या उत्तरास फारसें साहाय्य करीत नाहीं. १०४ व्या स्तोत्रांत सिंहाचे छावे आपलें भक्ष्य देवाजवळ मागतात. आणि ईयोबाच्या ३९ व्या अध्यायाच्या शेवटीं गरुडाचीं पिलें रक्त पितात हें स्वतः परमेश्वरच सांगतो, आणि कसलाही संकोच न करितां सांगतो.

दुसरें उत्तर असें कीं, त्या घराला ही शिक्षा झाली. हें मला अधिक वाईट वाटतें. पूर्वजन्मींच्या कर्मानें मूल मेलें, असें आमचे आजे म्हणत. तें सोडून आम्ही ख्रिस्ताकडे आलों; आणि आतां तेंच कर्म दुसरा अंगरखा घालून आमच्या व्यासपीठावर चढतें! शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं ही समजूत प्रभूनें खोडून काढिली. डांसाची मादी घरांतलें पाप हुंगून येत नाहीं. ती श्वास, घाम आणि अंगाची ऊब यांच्या मागानें येते.

डार्विनासही असाच कांटा बोंचला होता. मे १८६० मध्यें त्यानें आपला मित्र, अमेरिकेतील श्रद्धावान वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यास लिहिलें कीं, जिवंत सुरवंटाच्या अंगांत वाढून त्यासच खाणाऱ्या कीटकांची योजना दयाळू देवानें मुद्दाम केली, हें आपणांस पटत नाहीं. ग्रे यानें आपला विश्वास सोडला नाहीं, आणि मैत्रीही सोडली नाहीं.

माझें मत असें कीं, प्राण्यांच्या तोंडांवरून एवढेंच दिसतें कीं प्रत्येकास आपलें अन्न मिळविण्याचें साधन लाभलें आहे. तीं साधनें असंख्य पिढ्यांत हळूहळू घडलीं, हें शास्त्रज्ञांचें म्हणणें मानण्यास मला अडचण वाटत नाहीं. पण देव आम्हांवर प्रीति करितो कीं नाहीं, हें त्या तोंडांस विचारूं नये. गाय होय म्हणेल, डांस नाहीं म्हणेल. तें आम्ही क्रूसाजवळ शिकलों, आणि तेथें तर देवाच्या पुत्रानेंच "कां?" म्हणून विचारिलें होतें. दुसरा कोणी निर्माता नाहीं, म्हणून सोंडही त्याचीच, असें मीं त्या भगिनीस सांगितलें. कां, हें मला सांगतां आलें नाहीं. ती बराच वेळ बसून होती, मीही बसलों.

उपदेशक बंधूंनीं मात्र वस्तीभोंवतालचीं डबकीं बुजवावीं, गुरांच्या डोण्या आठवड्यांतून एकदां कोरड्या कराव्या, आणि ताप आलेल्याचें रक्त त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत तपासून घ्यावें. जें पाणी काढून टाकतां येत नाहीं त्यांत गप्पी मासे सोडावे. त्यांचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें असतें, त्यामुळें श्वासाकरितां पाण्याच्या पृष्ठभागीं येणाऱ्या डांसाच्या अळ्या ते नेमक्या टिपतात.