दगडी आणि सुई

दगडीच्या, म्हणजे कासदाहाच्या, उपचारात मला सर्वांत अवघड जातं ते एक दिवस थांबणं.

थांबावं, असं संशोधन सांगतं. अमेरिका आणि कॅनडातल्या गोठ्यांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सौम्य आणि मध्यम दगडीत दूध आधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, लावलं आणि प्रतिजैविक कोणत्या सडात सोडायचं ते दुसऱ्या दिवशी ठरवलं. सुमारे निम्म्या सडांनाच औषध लागलं, बरं होण्यात मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. पुष्कळदा दुधात गुठळ्या दिसेपर्यंत गायीच्या शरीराने जंतू निपटलेले असतात, कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

हे ठाऊक असूनही गोठ्यात "उद्या बघू" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मालक विचारतो, "मग डॉक्टर, इंजेक्शन नाही का?" त्या प्रश्नात माझी फी असते, माझं नाव असतं आणि पलीकडच्या गावातला दुसरा डॉक्टरही असतो. गायीला ताप आहे, तिने वैरण सोडली आहे, तर थांबणं चूकच. पण सडातून चार गुठळ्या आल्या आणि गाय निवांत रवंथ करते आहे, तिथे मी प्रतिजैविकाची ट्यूब चढवतो तेव्हा उपचार कोणावर होतो? थोडा मालकाच्या काळजीवर, बराचसा माझ्या भीतीवर.

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे एनडीडीबी, शिकवतं. थांबायचं ठरलंच तर मालकाच्या हाताला काम हवं म्हणून मी तो सांगतो. त्यावर माझा स्वतःचा विश्वास किती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

ट्यूब चढवली की पुढचं वाक्य ठरलेलं: "औषधाचा अंश जाईपर्यंत दूध डेअरीला घालू नका, दुसऱ्या सडांचंही नको." मालक मान हलवतो. मी गाडी सुरू करतो. ते दूध खरंच कुठे गेलं, हे नंतर मी कधी विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, आणि मग ते माझंही होईल. २०१९ मध्ये सरकारने दुभत्या जनावरांसह खाद्यप्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली तेव्हा मी मनापासून पाठिंबा दिला. बंदी दुसऱ्याने घातलेली असली की सोपं असतं. मालकाला तोंड द्यावं लागत नाही.

सगळ्यांत जास्त टोचतं ते मेलॉक्सिकॅमचं. सुजलेली कास दुखते, हे कळायला संशोधन लागू नये. हात लावला की गाय पाय झाडतेच. तरी हे वेदनाशामक प्रतिजैविकाच्या जोडीला दिल्यावर गायी पुढे गाभण राहण्याचं प्रमाण सुधारतं, असा अभ्यास आला, तेव्हाच मी ते नेमाने लिहू लागलो. तो अभ्यास चांगला आहे, मालकाला पटतोही. मीही त्याला गाभण राहण्याचंच सांगतो. "तिला दुखतंय" एवढ्या कारणावर ती बाटली बिलात लावायचं धाडस मला अजून होत नाही.