शब्दाचे लिंग आणि माणूस

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस गोदातीरी वसलेल्या पैठणचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नौकानयनग्रंथात सापडतो. तेथील ऑनिक्स नावाचा पट्टेदार दगड गाड्यांवर लादून भरूच बंदरी नेला जाई, असा तपशील त्यात नोंदविला आहे. व्यापाऱ्यांच्या ज्या लोकभाषेत तो मजकूर उतरला, तिच्यातच, सुमारे त्याच शतकात, ख्रिस्ताची शुभवर्तमाने लिहिली गेली. आणि तिच्यातील 'अँथ्रोपोस' या शब्दावर ख्रिस्ती धर्मविचाराची एक फार मोठी बाब अवलंबून आहे.

अँथ्रोपोस म्हणजे माणूस. पुरुषासाठी ग्रीकांकडे 'अनेर' हा वेगळा शब्द होता. व्याकरणाने अँथ्रोपोस बहुधा पुल्लिंगी चालतो, परंतु स्त्रीविषयी बोलताना रूप तेच ठेवून त्याआधी स्त्रीलिंगी उपपद लावता येते. योहानाच्या शुभवर्तमानात प्रसूत झालेल्या स्त्रीच्या आनंदाचे वर्णन करताना जगात अँथ्रोपोस जन्मास आला एवढेच म्हटले आहे, मुलगा की मुलगी याचा खुलासा नाही. मराठी वाचकाला हे सहज उमगावे, कारण आपला 'माणूस' एकवचनी पुल्लिंगी असला तरी 'माणसे' नपुंसकलिंगी होतात आणि 'बाईमाणूस' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. (संस्कृतातील 'पुरुष' मात्र नर आणि आत्मा असे दोन्ही अर्थ वाहतो, त्यामुळे त्याच्या आधारे विचार करणारा पंडित येथे चकण्याचा संभव अधिक.)

संस्कृतात पारंगत असलेल्या पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम 1922 मधील निधनापूर्वी पुरे केले. शास्त्राचा अधिकार स्त्रीला नाही, हे ऐकत वाढलेल्या पिढीतील एका विधवेने मूळ शब्दांपर्यंत स्वतः पोहोचावे, या घटनेचे मोल मला कोणत्याही धर्मपरिषदेच्या ठरावाइतके वाटते.

इसवी सन 325 मध्ये निकीया येथे धर्मपित्यांनी जो विश्वासाचा दस्तऐवज सिद्ध केला, त्यात 'आम्हां अँथ्रोपोसांसाठी' म्हणून देवपुत्र खाली आला असे सांगून, त्याच शब्दापासून साधलेल्या क्रियापदाने तो मनुष्य झाला असे म्हटले आहे. येशू पुरुषदेहाने जगला, ही ऐतिहासिक हकीकत कोणी नाकारीत नाही. पण त्याने तारणासाठी धारण केले ते मनुष्यत्व, आणि जे त्याने धारणच केले नाही ते बरेही झाले नाही, हा चौथ्या शतकातील ग्रेगरी नाझियान्झेनचा सिद्धांत प्रमाण मानला, तर केवळ पुरुषत्वाचा अवतार मानणारास स्त्रीजातीला तारणाबाहेर ठेवावे लागेल, जे कोणतीही मंडळी मान्य करणार नाही. तेव्हा येशू पुरुष होता या आधारावर स्त्रीने वेदीपाशी सेवा करण्यास मज्जाव ज्यांना कायम राखावयाचा असेल, त्यांनी दुसरा आधार शोधावा. निकीयाच्या मजकुरात 'अनेर' हा शब्द एकदाही आलेला नाही.