बांध कोणी राखायचा?

यंत्राशिवाय चालणारं, स्वतःपुरतं पिकवणारं आणि म्हणून सुखी असलेलं खेडं ही कल्पना आपल्या मनात इतकी मुरली आहे, की ती आली कुठून हे विचारायचं सुचतच नाही. तिचं एक ठळक रूप सापडतं ते चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८३०च्या टिपणात. सारा कोणाकडून आणि कसा वसूल करावा, या वादात उत्तरेकडच्या गावांची बाजू घेताना त्याने त्यांना लहानशी प्रजासत्ताकं ठरवलं. राजवटी बदलल्या तरी गाव टिकतं, हा त्याचा मुद्दा. महसुलाच्या कामासाठी मांडलेली ही कल्पना पुढे स्वराज्याच्या कामी आली. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधीजींनी तिला यंत्रसंस्कृतीच्या टीकेची जोड दिली. गावाची जमीन गावाच्या मालकीची करणाऱ्या ग्रामदानाच्या रूपाने ती प्रत्यक्षात आणू पाहणारे विनोबा तर १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. विनोबांनी विज्ञान कधी नाकारलं नाही, ही गोष्ट मात्र त्यांचं नाव घेऊन जुन्या खेड्याचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.

ही कल्पना पेण-रोह्याच्या मातीवर घासून पाहावी. पेणचा खारेपाट म्हणजे खाडीकडून मिळवलेली जमीन. खाडीतल्या चिखलाचे थर रचून, बाहेरच्या अंगाला दगड बसवून बांध घालायचा आणि ठरावीक जागी उघाडी ठेवायची. उघाडीचं दार असं बसवतात, की भरती आली की पाण्याच्या दाबानेच ते मिटतं आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, इंजिन नाही, पण भरती-ओहोटीचं गणित त्या दारात पुरतं बसवलेलं. याला तंत्रज्ञान नाही म्हणायचं तर दुसरं काय म्हणायचं? मात्र हे दार आणि तो बांध राखायला माणसं लागत. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खांड, म्हणजे भगदाड, पडते आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताची आशा नसते. म्हणून घरटी माणूस बांधावर जाई. या सामूहिक कामाला इथे जोळ म्हणत. शेजाऱ्याच्या हद्दीतली खांड आपलंही शेत बुडवते, हे प्रत्येकाला माहीत असल्यामुळे जोळ टिकली.

मग स्वयंपूर्ण प्रजासत्ताक ते हेच का? नाही. इथलं भात, मीठ आणि लाकूडफाटा मचव्यांतून मुंबईला जात होता. जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारा कातकरी या प्रजासत्ताकाचा नागरिक कधीच नव्हता. उचल घेऊन तो ठेकेदाराशी बांधला गेला होता. आणि बांध राखणाऱ्याचं पीक त्याच्याच घरी जाई असंही नाही. शिलोत्री या जमीनधारा पद्धतीत बांधाच्या दुरुस्तीपोटी बिघ्यामागे भात द्यावं लागे, सारा वसूल करणाऱ्या खोताचा हिस्सा वेगळा. पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरीला, १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचंच थांबवलं आणि तो संप १९३९पर्यंत चालला. त्या कुळांची बाजू घेणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मेटकाफचंच वर्णन समोर ठेवलं आणि खेड्याच्या गौरवाची ती परंपरा ठामपणे नाकारली. केवळ टिकून राहणं ही काही किंमत नव्हे, हे त्यांचं म्हणणं कोकणातल्या खोती गावाला तंतोतंत लागू पडतं. इथवर तरी मी त्यांच्याच बाजूचा आहे.

पण त्यावरून ‘यंत्र आलं आणि गाव सुटलं’ असाही निष्कर्ष निघत नाही. रोह्याचं उदाहरण घ्या. टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं ते मुंबईला वीज पुरवण्यासाठी. मुळशीचं पाणी घाटाखाली सोडून त्यावर वीज केली जाते आणि मग ते कुंडलिकेत येतं. त्या पाण्यामुळे रोह्याच्या बाजूला उन्हाळी भात शक्य झालं, धाटावची औद्योगिक वसाहतही त्याच नदीकाठी उभी राहिली. दुसरं पीक ही शेतकऱ्याच्या घरात फार मोठी गोष्ट असते, ती कमी लेखू नये. तरी त्याच पाण्याखाली मावळातली गावं गेली आणि सेनापती बापटांना मुळशीचा सत्याग्रह करावा लागला. लाभ एका खोऱ्याला, किंमत दुसऱ्याला, आणि निर्णय दोघांच्याही हातात नाही. पेणचे शेतकरी हे नीट ओळखून होते. सप्टेंबर २००८मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची का, यावर २२ गावांत जनमत चाचणी झाली, तेव्हा त्यांचा युक्तिवाद जुन्या साध्या जगण्याचा नव्हता. आमची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, आम्हाला धरणाचं पाणी द्या, असं ते म्हणत होते. आधुनिक धरणाच्या आधारावर शेती राखू पाहणाऱ्यांना भूतकाळात रमलेले ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय होता.

आक्षेप असा घेतला जाईल, की जोळ ही गरिबीतली सक्ती होती. धाटावला किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात पगार मिळत असताना चिखलात कोणी का उतरावं? उतरू नयेच. श्रम वाचले हे चांगलंच झालं. पण १९४८च्या आणि नंतर १९७९च्या खारभूमी कायद्याने बांधाची जबाबदारी सरकारकडे गेली, तेव्हा श्रमांबरोबर नजरही गेली. खेकड्याचं बीळ पहिल्यांदा दिसतं ते रोज बांधावरून चालणाऱ्याला. कार्यालयातल्या फायलीत त्याची नोंद होते ती खांड पडल्यावर. तोवर शेतात खारं पाणी साचतं, कांदळवन वाढतं आणि कायद्याने रक्षण मिळालेलं ते कांदळवन काढून पुन्हा भात लावणं जवळजवळ अशक्य होतं. पोकलेनला खांड बुजवायला महिना लागत नाही, महिने जातात ते अंदाजपत्रकाला आणि निविदेला. म्हणून जोळ जशीच्या तशी परत आणा, अशी मागणी मी करणार नाही. बांधावर ज्यांचं पोट आहे त्यांच्या, म्हणजे खातेदारांबरोबर मजुरी करणाऱ्या आणि खाडीत मासेमारी करणाऱ्यांच्याही, समितीकडे दुरुस्तीचा निधी आणि यंत्र मागवण्याचा अधिकार असावा, एवढीच मागणी आहे. मोठ्या उधाणाच्या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. त्याआधी बांधावर माती पडण्यासाठी वरच्या मंजुरीची गरज का असावी, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.