टाळावासा वाटलेला अध्याय

वचनपाठ : नहेम्या ५ : १ ते १३



शास्त्राचें वाचन दोन प्रकारें करितां येतें. एका प्रकारांत मनास गोड वाटणारीं वचनें आपण निवडून घेतों. दुसऱ्यांत एखादें पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत, मध्यें कांहीं न गाळतां, दर आठवड्यास एक अध्याय याप्रमाणें वाचीत जातों. पहिल्या प्रकारानें सांत्वन मिळतें, यांत शंका नाहीं. परंतु दुसऱ्या प्रकारापासून जो लाभ होतो तो आम्हांस अलीकडेच, कांहींशा लाजेनें, शिकावा लागला. तोच आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आम्ही ज्या मंडळीची सेवा करितों ती गोदावरीच्या खोऱ्यांतील एका लहान खेड्यांत आहे. तेथें दर शुक्रवारीं दिवेलागणीनंतर शास्त्राभ्यासाची बैठक भरते. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं नहेम्याचें पुस्तक अभ्यासास घेतलें. त्यास कारणहि होतें. त्या पावसाळ्यांत आमच्या प्रार्थनामंदिराची पश्चिमेकडील भिंत खचली होती, आणि ती पुन्हां उभी करण्यासाठीं वर्गणी जमविण्याचें काम चालू होतें. तट बांधणाऱ्या नहेम्याच्या चरित्रावरून मंडळीस उत्तेजन मिळेल, असें आम्हांस वाटलें.

पहिले चार शुक्रवार मोठ्या आनंदाचे गेले. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं ४४५ च्या सुमारास, शूशन राजवाड्यांत राजास प्याला देण्याच्या कामावर असलेला हा मनुष्य यरुशलेमेच्या पडक्या तटाची वार्ता ऐकून रडतो, उपास करितो, प्रार्थना करितो. रात्रीच्या वेळीं जनावरावर बसून जळालेल्या वेशी पाहून येतो. आणि मग कित्येक कुटुंबें आपआपल्या घरासमोरचा तट बांधूं लागतात. चवथ्या अध्यायांत सनबल्लट व तोबीया यांच्या धमक्या येतात, तेव्हां लोक एका हातानें काम करितात आणि दुसऱ्या हातांत शस्त्र धरितात. हें वाचून आमच्या तरुणांस मोठें स्फुरण चढलें. आठवड्यांतून एक दिवस आम्ही भिंतीच्या कामास देऊं, असें ते आपण होऊन म्हणूं लागले.

पुढें पांचवा अध्याय होता. गुरुवारीं संध्याकाळीं आमचे प्रचारक आमच्याकडे आले आणि हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, उद्यां पांचवा सोडून सहावाच घेऊं या का? तट पुरा झाल्याचा वृत्तांत त्यांत आहे. लोकांस हुरूप येईल.” त्यांच्या मनांत काय आहे, हें आम्हांस कळलें, कारण दोन दिवसांपूर्वीं तोच विचार आमच्याहि मनांत येऊन गेला होता.

त्या अध्यायांत आहे तरी काय? बाहेरचा शत्रु तेथें दिसत नाहीं. ओरड होते ती घरांतून. लोक आणि त्यांच्या बायका आपल्याच यहूदी भावांविरुद्ध गाऱ्हाणें करितात. कोणी म्हणतो, आमचीं मुलेंबाळें पुष्कळ, खावयास धान्य नाहीं. कोणी म्हणतो, दुष्काळांत धान्य मिळावें म्हणून शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकलीं. कोणी म्हणतो, राजाचा कर भरण्यासाठीं कर्ज काढलें. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, त्यांच्या मुलामुलींस दास व्हावें लागत होतें, आणि शेतें दुसऱ्यांच्या हातीं गेल्यामुळें त्यांस सोडविण्याचा उपाय आईबापांजवळ उरला नव्हता. घेणारे आणि देणारे एकाच तटावर खांद्यास खांदा लावून दगड रचीत होते.

आतां आमच्या मंडळीची स्थिति सांगतों. आमच्या पंचांपैकीं एक भाऊ शेतीवाडीनें सुखी आहेत. उपासनेस ते कधीं चुकले नाहींत. भिंतीच्या वर्गणींत सर्वांत मोठी रक्कम त्यांचीच होती. परंतु मंडळींतील सहा घरांचे कागद त्यांच्या पेटींत होते. पैशास दरमहा शेकडा पांच व्याज, आणि पेरणीस दिलेलें धान्य सुगीस दिढीनें परत. शेकडा पांच हें ऐकावयास थोडें वाटतें. पण वर्षाचा हिशेब केला तर शंभरास साठ होतात. नहेम्यानें ज्या शंभराव्या भागाचा उल्लेख केला आहे तो पुष्कळ टीकाकार दरमहाचा समजतात. म्हणजे वर्षास शंभरावर बारा. तेवढ्यानें यरुशलेमेंत आकांत झाला होता.

आणखी एक गोष्ट लपविणें योग्य नाहीं. आमच्या मुलीच्या शिक्षणासाठीं आम्हींहि त्याच भावांकडून रक्कम घेतली होती. आम्ही पाळक, म्हणून त्यांनीं आमच्याकडून व्याज घेतलें नव्हतें. मंडळींतील एका विधवा बहिणीचें एक एकर रान व्याजापायीं अडकलेलें असतां आम्हांस तीच रक्कम फुकट मिळाली होती, आणि हें ठाऊक असूनहि आम्ही त्यांच्या घरीं बसून जेवत होतों. पांचवा अध्याय आम्हांस कां नकोसा वाटला, हें आतां आपल्या लक्षांत येईल.

रात्रीं झोंप लागली नाहीं. शेवटीं असा विचार केला कीं, जर पुस्तकाचा क्रम आम्ही आमच्या सोयीनें बदलूं लागलों, तर मग शुक्रवारीं लोकांपुढें देवाचें वचन ठेविलें जात नाहीं. आमची निवड ठेविली जाते. म्हणून दुसऱ्या दिवशीं पांचवाच अध्याय उघडला.

पाळीपाळीनें वचनें वाचून झालीं. बराच वेळ कोणी बोलेना. मग त्या विधवा बहिणीनेंच विचारलें, “ह्यांत बायकाहि ओरडल्या असें मुद्दाम लिहिलें आहे. पुरुषांनीं सांगितलें तें पुरें नव्हतें का?” एका म्हाताऱ्या आजींनीं तिला उत्तर दिलें, “कणगीचा तळ आधीं बाईच्याच हाताला लागतो, बाई.” इतकें सरळ विवरण आम्हांस धर्मशिक्षणशाळेंत कोणीं दिलें नव्हतें. पंडिता रमाबाईंनीं, ज्या १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या, केडगांवीं राहून आयुष्याचीं अनेक वर्षें शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत घालविलीं. शास्त्र साध्या घरच्या स्त्रियांच्या हातीं गेलें म्हणजे त्यांतील कोणता शब्द बोलूं लागेल, याचा विद्वानांस पुष्कळदां अंदाज येत नाहीं.

ते पंच भाऊ मान खालीं घालून बसले होते. आठव्या वचनांत सरदार निरुत्तर झाले असें आहे. तसेंच येथेंहि झालें. प्रार्थना संपतांच, कोणास ‘जय ख्रिस्त’ न म्हणतां, ते निघून गेले. पुढील दोन शुक्रवार ते आले नाहींत. वर्गणी थांबली, गवंडी दुसऱ्या कामावर गेला, आणि पाळकांनीं मंडळी फोडली असें कांहींजण उघड बोलूं लागले.

बंधुजनहो, अशा वेळीं काय करावें, हेंहि त्याच अध्यायांत शिकविलेलें आढळतें. गाऱ्हाणें ऐकून नहेम्या फार संतापला. परंतु संतापाच्या भरांत बोलला नाहीं. आधीं त्यानें आपल्या मनाशीं विचार केला. मग ज्यांचा दोष होता त्यांच्याशींच तो बोलला. त्यांच्या पाठीमागें बाजारांत चर्चा केली नाहीं. आणि दोष दाखवितांना, मी व माझे भाऊ व माझे चाकरहि पैसा व धान्य उसनें देत आहों, असें म्हणून त्यानें आपणांसहि त्यांत धरिलें. दुसऱ्याचा कागद उघडण्यापूर्वीं त्यानें आपली वही पुढें ठेविली.

हें ध्यानीं घेऊन आम्ही त्या भावांच्या घरीं गेलों. प्रथम आमचाच अपराध कबूल केला: “आपण आम्हांस व्याज लावलें नाहीं, तें आम्हीं गोड मानून घेतलें आणि बहिणीच्या रानाविषयीं गप्प राहिलों. हें आमचें पाप आहे.” ते पुष्कळ वेळानें म्हणाले, “मी कोणास बोलावून आणलें नाहीं, पाळकसाहेब. अडीनडीला तेच माझ्या दारांत आले. मी नसतों तर ते कोठें गेले असते?” त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. आम्ही त्यांस इतकेंच म्हणालों कीं, देवाचें नियमशास्त्र उसनें देण्यास मना करीत नाहीं. उलट गरीब भावास हात मोकळा करून दे, असें सांगतें. मनाई आहे ती त्याच्या अडचणीवर आपला नफा उभारण्यास. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत तर जात्याची तळीहि गहाण घेऊं नये अशी आज्ञा आहे. कारण त्यानें मनुष्याचें जगणेंच गहाण पडतें.

सुगीनंतर त्यांनीं दोन कागद परत केले. त्यांतील एक त्या विधवा बहिणीच्या रानाचा होता. बाकीच्यांचें थकलेलें व्याज सोडलें. मुद्दल तेवढें राहिलें. सहाहि घरें मोकळीं झालीं असें आम्हांस सांगतां आलें असतें तर किती बरें झालें असतें! परंतु जें घडलें तेवढेंच लिहिणें योग्य. यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत पुरा झाला. आमची भिंत उभी राहण्यास चवदा महिने लागले. त्या मुदतींत मंडळींतील बहिणींनीं रोज दळणापूर्वीं एक मूठ धान्य वेगळें काढण्याचा नेम धरिला. तें धान्य पेरणीच्या वेळीं गरजूंस दिलें जातें, आणि जितकें दिलें तितकेंच परत घेतलें जातें.

आतां या पाठापासून आपण काय घ्यावें? एक गोष्ट ही कीं, चवथा अध्याय व सहावा अध्याय यांच्या मध्यें पांचवा आहे. सनबल्लट बाहेर उभा होता, तरी त्या अध्यायांत काम धोक्यांत आलें तें आंतल्या अन्यायामुळें. आपणांस बाहेरच्या विरोधाविषयीं बोलणें सोपें जातें. परंतु गांवकरी जेव्हां विचारतात कीं, तुमच्या मंडळींतला सावकार आणि आमच्या आळींतला सावकार यांत फरक तो काय, तेव्हां आपण कोणत्या तोंडानें साक्ष देणार? नवव्या वचनांत नहेम्यानें हीच भीति दाखविली आहे.

दुसरी गोष्ट, खऱ्या पश्चात्तापास हिशेब असतो. नहेम्यानें नुसतें रडण्यास सांगितलें नाहीं. शेतें, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरें आणि घेतलेला शंभरावा भाग आजच परत करा, असें तो म्हणाला, आणि याजकांसमोर त्यानें शपथ घेवविली. जक्कयाच्या घरीं प्रभु येशू गेला तेव्हां तेथेंहि असेंच झालें. अर्धी मालमत्ता गरिबांस, आणि अन्यायानें घेतलेलें चौपट परत, असा आंकडा त्यानें स्वतः उच्चारला. आणि मग प्रभूनें त्या घरास तारण झाल्याचें सांगितलें.

आपल्या मुलखाचाहि एक इतिहास येथें आठवतो. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांवर उठले. तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला, आणि जागोजागीं कर्जरोखे जाळण्यांत आले. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा हवाच. पण जळलेल्या कागदाच्या जागीं नवा कागद लिहितां येतो. यरुशलेमेंत कागद कोणीं जाळले नाहींत. ज्या हातानें घेतलें होतें त्याच हातानें परत दिलें, आणि सर्व मंडळी आमेन म्हणाली. हें काम फक्त देवाचें भय करूं शकतें.

कर्ज घेणाऱ्या भावांसहि एक शब्द सांगितला पाहिजे. व्याज सुटलें म्हणून मुद्दल बुडविणें हा ख्रिस्ती मार्ग नव्हे. आणि दुष्काळांत धान्यासाठीं काढलेलें कर्ज वेगळें. लग्नांत मांडव मोठा दिसावा म्हणून काढलेलें वेगळें. त्या दुसऱ्या कर्जाविषयीं नहेम्याकडे गाऱ्हाणें नेतां येणार नाहीं.

शेवटीं आमच्या प्रचारक बंधूंस विनंति. आठवड्याच्या अभ्यासांत पुस्तक क्रमानें घ्या. जेथें आपलें मन, हा अध्याय आज नको, असें म्हणतें, तेथें थांबून आधीं स्वतःस विचारा कीं, तो कोणासाठीं नको आहे? लोकांसाठीं, कीं आमच्यासाठीं? मग गुडघे टेकून प्रार्थना करा आणि तोच अध्याय उघडा. मंडळी एखादा महिना रिकामी दिसेल. तरी भिऊं नका. वचनानें जी भिंत थांबते ती वचनानेंच पुढें चालते, आणि मग ती पायापासून खरी असते.

आपल्या घरांच्या कणग्या, आपले कागद व आपल्या वह्या प्रभु आपल्या प्रकाशांत उघडो, आणि त्यांत जें दुसऱ्याचें आहे तें परत देण्याचें बळ तो आपणां सर्वांस देवो. आमेन.