हडपसरला पडलेले

२५ ऑक्टोबर १८०२. ऐन दिवाळी. यशवंतराव होळकरांची फौज हडपसरच्या बाजूला आणि शिंदे-पेशव्यांची वानवडी-घोरपडीच्या अंगाला. सकाळी तोफा सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत निकाल लागला. बाजीराव दुसरा सिंहगडाकडे पळाला. आज त्या रानावर सोलापूर रस्त्याचा उड्डाणपूल आहे आणि मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती. त्या दिवशी किती तरी माणसं तिथं पडली. त्यांना आपण काय म्हणतो? काहीच म्हणत नाही.

यातली गंमत अशी की हीच तारीख युरोपच्या इतिहासात दुसऱ्या एका लढाईसाठी पाठ केली जाते. २५ ऑक्टोबर १४१५ ला आझँकूरच्या चिखलात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीनं फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली. कालगणना वेगळी, त्यामुळे तारखांचं जुळणं निव्वळ योगायोग. पण त्यामागची भांडणं मात्र चुलत बहिणी शोभाव्यात इतकी सारखी.

इंग्रज-फ्रेंचांचं ते शंभर वर्षांचं युद्ध (१३३७ ते १४५३) आपण दोन देशांची लढाई म्हणून वाचतो. मधली काही दशकं ते फ्रेंचांचं घरचंच भांडण होतं. १४०७ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकनं, 'निर्भय' म्हणवणाऱ्या जाँनं, राजाच्या सख्ख्या भावाचा पॅरिसच्या रस्त्यात खून करवला. १४१९ मध्ये माँतरोच्या पुलावर बोलणी करायला बोलावून त्याच जाँच्या डोक्यात कुऱ्हाड घातली गेली. त्याचा मुलगा सूडापोटी थेट इंग्रजांना जाऊन मिळाला आणि वर्षभरात, मे १४२० ला, त्र्वाच्या तहानं फ्रान्सची गादी हेन्रीच्या नावे लिहून दिली गेली. पुढं शंभर वर्षांनी दिजोंच्या मठात एका साधूनं राजा फ्रान्स्वाला जाँची कवटी दाखवली आणि तिच्यातल्या भोकाकडे बोट करून म्हणाला, इंग्रज फ्रान्समध्ये शिरले ते इथून. दंतकथा असेल. असली तरी एवढा नेमका राजकीय अभ्यास थोड्याच इतिहासकारांना जमला आहे.

पुण्याचं भोक शनिवारवाड्यासमोर पडलं. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतरावांचा भाऊ विठोजी होळकर पेशव्यांच्या हाती लागला आणि बाजीरावानं त्याला हत्तीच्या पायी दिलं. हडपसर हा त्याचा हिशेब. हरलेला बाजीराव कोकणात उतरला, इंग्रजांच्या आसऱ्यानं वसईला पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला तहावर सही करून बसला. कंपनीच्या पलटणी पदरी घेतल्या, त्यांच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या संगिनींनी त्याला परत गादीवर बसवलं. माँतरो ते त्र्वा वर्षाच्या आत, विठोजी ते वसई दोन वर्षांच्या आत.

फरक पुढं पडतो. फ्रान्सला त्या पडझडीतून जोन ऑफ आर्क मिळाली. निदान आज तसं वाटतं. तिच्या हयातीत प्रकरण वेगळं होतं. दोमरेमीची ही शेतकऱ्याची पोर १४२९ मध्ये ऑर्लियाँचा वेढा उठवते, जुलैमध्ये राजपुत्राला रँसला नेऊन अभिषेक करवते, आणि वर्षभरात बर्गंडीवाल्या फ्रेंचांच्याच हाती सापडते. त्यांनी तिला १०,००० लिव्हरला इंग्रजांना विकलं. खटला रुआँला इंग्रजांच्या पैशानं चालला, पण न्यायासनावरचा बिशप कोशों फ्रेंच, आणि तिला पाखंडी ठरवायला पाठबळ देणारे पॅरिस विद्यापीठातले पंडितही फ्रेंच. ३० मे १४३१ ला तिला जाळली तेव्हा ती हुतात्मा नव्हती. पुरुषी कपडे पुन्हा अंगावर चढवणारी, धर्मातून गेलेली बाई होती. ज्याला तिनं राजा केलं तो सातवा चार्ल्स तिच्यासाठी फारसा हललाही नाही.

मग तिची आई इझाबेल पॅरिसच्या नोत्रदाममध्ये उभी राहिली आणि दाद मागितली. १४५६ मध्ये निकाल रद्द झाला. न्यायबुद्धी जागी झाली असं म्हणायला माझी हरकत नाही, पण पाखंडी बाईच्या हातून मुकुट मिळाल्याचा डाग राजालाही धुवून हवा होता. एकोणिसाव्या शतकात मिशलेसारख्या इतिहासकारानं तिला जनतेची लेक केलं. १९२० मध्ये, ज्या चर्चच्या न्यायासनानं जाळायला सोडली त्याच चर्चनं तिला संतपद दिलं. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट गुपचूप घडली: कोशों आणि विद्यापीठ मागं सरकले आणि दोष इंग्रजांच्या नावावर जमा झाला.

म्हणजे हुतात्मा मरणाच्या वेळी होत नाही, पुढच्या पिढ्या त्याला करतात. आपल्याकडे हा विचार आणखी वेगळ्या वाटेनं आला. मराठेशाहीत माणूस धन्याच्या कामी यायचा. खाल्ल्या मिठाला जागायचा, आणि सरकार मागं राहिलेल्या पोरांना बालपरवेशी लावून द्यायचं. धनी बदलला तर मीठ बदलायचं, त्यात पाप नव्हतं. हडपसरला शिंद्यांकडे द ब्वान्य या युरोपीय सेनानीनं कवायतीवर घडवलेल्या पलटणी होत्या, त्यांचा अधिकारी डॉज पडला. समोर होळकरांकडे विकर्स आणि हार्डिंग, त्यातला हार्डिंग पडला. हे सगळे इंग्रज नावांचे, मराठ्यांच्या मिठाला जागणारे. पण १८०४ मध्ये होळकरांचं इंग्रजांशी जुंपायची वेळ आली तेव्हा विकर्सनं आपल्या देशाविरुद्ध लढायला नकार दिला आणि होळकरांनी त्याचं डोकं उडवलं. होळकरांच्या लेखी तो नमकहराम. विकर्सच्या डोक्यात मात्र मिठापेक्षा मोठं काहीतरी शिरलं होतं, आणि ते आपल्याकडच्या पलटणींत अजून यायचं होतं.

ते आलं तेही उलट्या दारानं. १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईनंतर कंपनीनं कोरेगावला स्तंभ उभारला आणि त्यावर साध्या शिपायांची नावं कोरली, शेवटी 'नाक' लागणारी, म्हणजे महार शिपायांची नावंसुद्धा. शिपायाचं नाव दगडावर ही आपल्या मुलखाला नवलाची गोष्ट होती. कंपनीच्या विजयासाठी उभारलेला तो दगड १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथं गेले तेव्हा कंपनीचा राहिला नाही. दगड तोच, वारस बदलले. मुंबईच्या हुतात्मा चौकातल्यांचंही तसंच: संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या घातल्या स्वराज्याच्याच पोलिसांनी, पण १ मे १९६० ला राज्य झालं आणि मेलेल्यांना वारस मिळाला.

हडपसरला पडलेल्यांचा वारस कोण? ना. सं. इनामदारांनी 'झुंज' यशवंतरावांवर लिहिली आणि 'मंत्रावेगळा' बाजीरावावर. एकाच लेखणीनं दोघांनाही सहानुभूती दिली, आणि कादंबरीला ते परवडतं. स्मारकाला परवडत नाही, त्याला एक बाजू लागते. विठोजीला हुतात्मा म्हणायचं तर त्याला मारणाऱ्या पेशव्याला शत्रू म्हणावं लागेल, आणि शनिवारवाडा तर आपण अभिमानानं पाहुण्यांना दाखवतो. फ्रेंचांनी हा पेच इंग्रजांवर ढकलून सोडवला. आपल्याला ती सोयही नाही. विठोजीला हत्तीच्या पायी द्या म्हणणाऱ्यांत एकही इंग्रज नव्हता.