बैलाचं मनगट

बैलाच्या पुढच्या पायाला आपण जो गुडघा म्हणतो, तो खरं तर त्याचं मनगट आहे. गेल्या वर्षी आल्फ्रेड रोमर यांचं पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीररचनेवरचं जुनं पुस्तक वाचताना हे कळलं. लॅपटॉप बाजूला सारून मी हात टेबलावर टेकवला, तळवा उचलला आणि मधलं बोट व अनामिका एवढीच खाली ठेवली. बैल जन्मभर याच दोन बोटांच्या नखांवर उभा असतो. खुरामागे वर लोंबणाऱ्या दोन खुऱ्या म्हणजे त्याची तर्जनी आणि करंगळी. त्याच्या मानेत मणके सात, माझ्याही सातच. आवाजाची डावी नस दोघांचीही मेंदूपासून थेट कंठाकडे न जाता छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. माशासारख्या पूर्वजाकडून आलेली ही वाट कुणी बदललीच नाही. दोन प्रोग्रॅममध्ये एकच विचित्र वळण दिसलं, की आम्ही ओळखतो: कोड एकाच ठिकाणाहून आलाय.

कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या घरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. बाबा हळद-तुपानं बैलांचे खांदे चोळायचे आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं त्यांना आवतण द्यायचे. माणसाचा हात कॉलरबोननं छातीशी जोडलेला असतो. बैलाला ते हाड नाही; त्याचे पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात. बाबांनी हे कुठे वाचलं नव्हतं. पण वर्षभराच्या जुवानं कुठे दुखत असेल, ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना फी भरायला त्यातला एक बैल बाजारात गेला. दावं दुसऱ्याच्या हातात गेल्यावर तो हंबरला. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही.

आता प्रश्न असा की, हे नातं तेव्हा माहीत असतं तर मी थांबवलं असतं का? प्रामाणिक उत्तर: नाही. हाडं आज्ञा देत नाहीत. वटवाघळाचा पंख आणि चिचुंदरीसारख्या बीळ करणाऱ्या प्राण्यांचा हात एकाच आराखड्याचे आहेत, हे रिचर्ड ओवेन यांनी 1849 साली मांडलं. त्यांना त्यात एक आदर्श नमुना दिसला. दहा वर्षांनी डार्विनला त्याच हाडांत समान पूर्वज दिसला. हाडं तीच, अर्थ वेगळा. मग 'नातं आहे, म्हणून असं वाग' हे तर हाडांत कुठेच लिहिलेलं नसणार. ते आपणच ठरवायचं.

आणि केवळ मायेनंही भागत नाही. खांदे चोळणारे हातच दावं सोडून देतात. त्यांना पोराची फी भरायची असते. बाबांना मी दोष देत नाही. त्या व्यवहाराचा नफा माझ्या पदवीत आहे.

ज्ञानानं माझ्यापुरतं एकच केलं: सबब काढून घेतली. 'शेवटी जनावरच ते' असं म्हणून मी तो हिशेब मिटवला होता. आता ते वाक्य तोंडात येत नाही. बैल परत येणार नाही. हिशेब मात्र उघडा आहे, आणि तो उघडाच असावा असं मला वाटतं.

मागच्या पोळ्याला गावी गेलो. गोठ्यात एकच बैल उरलाय. बाबांनी हळदीची वाटी मुकाट्यानं माझ्याकडे सरकवली. चोळताना खांद्यावरचा घट्टा हाताला लागला. त्या खांद्याला धडाशी जोडणारं हाड नाही, हे मला आता माहीत होतं.