मृत्युपत्र बदलताना

शेजारच्या एका वृद्ध काकांनी मध्यंतरी मला साक्षीदार म्हणून बोलावले. मृत्युपत्र जुने होते. त्याला पुरवणी जोडायची होती. धाकट्या मुलाचा वाटा कमी करून तो थोरल्या मुलीला द्यावा, अशी काकांची इच्छा. काकूंच्या अखेरच्या आजारात मुलीने अहोरात्र शुश्रूषा केली. मुलगा परगावी राहिला.

कायद्याने यात गैर काहीच नव्हते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६२ नुसार बुद्धी शाबूत असेतोवर मनुष्य आपले मृत्युपत्र केव्हाही बदलू शकतो. मात्र मूळ कागदावर नुसती खाडाखोड करून भागत नाही; बदलावरही सही व किमान दोन साक्षीदार लागतात. शिवाय ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्रानंतर विवाह केला, तर कलम ६९ अन्वये ते आपोआप रद्द होते. नवे नाते नवी कर्तव्ये घेऊन येते, हे कायद्यालाही मान्य आहे. तेव्हा बदल म्हणजे शब्द फिरवणे, असे सरसकट म्हणता येणार नाही.

परंतु कायदा एवढेच पाहतो, की करणारा शुद्धीवर होता का, स्वतंत्र होता का. नीतीचा प्रश्न पुढचा आहे : हा बदल कशासाठी? कृतज्ञतेपोटी केलेला बदल न्यायाच्या जवळ जातो. रागापोटी केलेला बदल मात्र भयंकर असतो. जिवंतपणी बोललेला कठोर शब्द उद्या मागे घेता येतो. मृत्युपत्र मरणानंतरच अमलात येते, हे इब्री लोकांस पाठवलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातही नमूद आहे. म्हणजे ते बोलू लागते, तेव्हा त्याला उत्तर द्यायला समोर कोणी नसते. मग ज्याचा वाटा घटला, तो आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झगडत राहतो : माझे काय चुकले?

म्हणून मला एक कसोटी योग्य वाटते. या बदलाचे कारण आपण त्या व्यक्तीला तोंडावर सांगू शकू का? दडपणाच्या भीतीने एखाद्या दुबळ्या वृद्धाला मौन पाळावे लागते, हे खरे. त्यानेही निदान कारण कागदावर लिहून ठेवावे.

मी विचारले, "काका, मुलाला हे ठाऊक आहे का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रविवारी तो येतोय. त्यानंतर या."

त्या रविवारी मुलगा दुखावला, हे काकांनीच मला सांगितले. पण आईच्या औषधांचा खर्च दरमहा तोच बहिणीकडे पाठवत होता, हेही तेव्हा कळले. बहिणीने ते कबूल केले. काकांना कोणी सांगितलेच नव्हते.

पुरवणी झाली, परंतु वाटे वेगळे ठरले. मुलीला अधिकच मिळाले. मुलाचे पूर्वी ठरले होते तितके कमी झाले नाही. मी सही केली. त्या कागदाखाली सही करताना माझा हात अडखळला नाही.